पुरणपोळी नसलेलं पुस्तक

तेरवीला पुरणपोळ्या केल्या, जाऊबाई. मी नको म्हणत होते. पण बार्शीटाकळीहून सासूबाई आल्या, त्यांच्यामागून चुलत सासवा आल्या, आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, की थोरलीचं नाव झालं ते हातच्या गोडावर, तर तिच्या नावानं घरात पुरणच शिजलं पाहिजे. पाट्यावर पुरण वाटता वाटता त्या तुमच्या आठवणी काढत होत्या. सगुणाला पुरणपोळी किती आवडायची, हे एकमेकींना सांगत होत्या. मी चुलीपुढे बसून पोळ्या भाजत होते आणि दातओठ खात होते. खायला आवडायची, हे मलाही ठाऊक आहे. पण त्या पोळीच्या नावानं आपण दोघी किती भांडलो, हे त्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. ते भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात.

गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला राग आला आहे. मला लिहिता येतं, म्हणून तो लिहून काढते आहे. तोंडानं बोलायला गेले तर सासूबाई म्हणतील, धाकलीचं डोकं फिरलं.

मी या घरात आले तेव्हा आईनं मला बजावून पाठवलं होतं, की वाचता येतं हे सासरी कळू द्यायचं नाही. अकोल्यात माझे वडील पोरांना बाराखडी शिकवायचे. घरात मुलगा नव्हता, म्हणून मलाही शिकवून बसले. मी पहिले काही दिवस तोंड मिटून होते. मग आपण देवीला गेलो, तिथे भिंतीवर कोणीतरी गेरूनं काहीबाही लिहिलं होतं, आणि माझे ओठ हलले. तुम्ही पाहिलंत. परत येताना वाटेत एवढंच म्हणालात, "तुले वाचता येते. बरं झालं. कामात येईन." कोणाला सांगितलं नाहीत. मला त्या दिवशी किती हलकं वाटलं, हे मी तुम्हाला कधी बोलले नाही. आता बोलले.

तेव्हा साता समुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती आणि तिच्यापायी आपल्या वऱ्हाडातला कापूस विलायतेला चालला होता. ज्वारीच्या वावरातही लोक कपाशी पेरत होते. आपल्या घरचे दोघे भाऊ शेती सासऱ्यांवर सोडून अमरावतीला आले. थोरले, म्हणजे तुमचे मालक, अडतीच्या दुकानात सौदे करायला लागले, आणि आमच्या घरचे काट्यावर कापूस मोजायला. तसे कितीतरी लोक आले. परकोटाबाहेर, वखारींच्या मागे, खोल्यांच्या रांगा उभ्या राहिल्या आणि प्रत्येक खोलीत एकेक नवी नवरी. सासू गावाकडे, आई त्याहून लांब, नवरा बाजारात. पोरी चुलीपुढे बसून रडायच्या. मीही त्यांच्यातलीच होते, फरक इतकाच, की मला तुम्ही होता.

बाजाराची वेळही अशी वाईट. गाड्या अंधारात यायच्या, पहाटेपासून रुमालाखाली बोटं धरून सौदे चालायचे, आणि माणसं घरी यायची ती उन्हं चांगली वर चढल्यावर. न्याहारीची वेळ टळलेली, जेवणाला अवकाश, पोटात आग. त्यातून सौदा जमला असेल तर सोबत पाहुणा, आणि पाहुण्यापुढे काहीतरी गोड ठेवायलाच हवं. त्या मधल्या वेळेला काय करायचं, हे कोणत्याच पोरीला तिच्या आईनं शिकवलेलं नव्हतं. कारण आईच्या घरी अशी वेळच नव्हती.

आपल्या शेजारच्या खोलीतली रखमा वलगावची. तिच्या नवऱ्यानं एका सकाळी व्यापाऱ्याचा माणूस घरी आणला. रखमाचं धिरडं तव्याला चिकटलं आणि लापशी कच्ची राहिली. नवऱ्यानं दुसऱ्या दिवशी तिला वलगावच्या छकड्यात बसवून दिलं. तुम्ही धुणं टाकून रस्त्यात जाऊन उभ्या राहिलात. परत आलात तेव्हा चेहरा असा होता, की मी मागे सरकले.

"पोट्टी वापस धाडते? कापसाची गाडी हाय का, वल्ली निघाली म्हणून वापस कराले?"

मग तुम्ही मला घेऊन वलगावला गेलात. रखमाच्या आईच्या अंगणात चूल मांडलीत आणि तिला चारच गोष्टी करायला लावल्यात, पुन्हा पुन्हा, तिचा हात बसेपर्यंत. तुम्हाला फार येत होतं असं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते, कारण आता लोक तुम्हाला अन्नपूर्णा करून टाकतील. तुमचे लाडू वळत नसत. भाकरीची कड फाटायची. पण काय बिघडतं आणि ते बिघडल्यावर काय करायचं, हे तुम्हाला येत होतं, कारण पहिल्या वर्षी सगळं बिघडवून झालं होतं. रखमाला तुम्ही स्वतः परत आणलीत आणि तिच्या नवऱ्याच्या दारात उभं राहून त्याला म्हणालात, आज हिच्या हातचं खा आणि मग बोल. त्यानं खाल्लं. बोलला काहीच नाही. रखमा नांदते आहे, तुमच्या तेरवीला पाणी भरत होती.

त्यानंतर पोरी आपल्या अंगणात यायला लागल्या. वलगावच्या, बडनेऱ्याच्या, कोण कुठच्या. पुस्तक करावं हे मीच काढलं. अकोल्याला शिळाछापाचा छापखाना निघाल्याचं वडिलांनी सांगितलं होतं. मला वाटलं तुम्ही हसाल. तुम्ही निवडता निवडता डाळीचं सूप खाली ठेवलंत आणि विचारलंत, की पोरींना कुठं वाचता येतं. उत्तर तुम्हीच दिलंत.

"पोट्टीले नाई येत. तिच्या नवऱ्याले येते ना, आडतीत लिवते तो. त्यानं चुलीपाशी बसून वाचावं, तिनं करावं. तेवढा वेळ तरी बसन तो चुलीपाशी."

आजही ते वाक्य आठवलं की माझा राग थोडा वेळ उतरतो. मग पुढचं आठवतं आणि पुन्हा चढतो.

कारण त्या वाक्यातून तुम्ही एक नियम काढलात, आणि त्या नियमानं माझा जीव घेतलात. नवऱ्याचा धीर टिकेल तेवढंच लिहायचं. मी बोरू घेऊन बसायची, तुम्ही सांगायच्या, मी जरा समजावून लिहायची, आणि मग तुम्ही आमच्या घरच्यांना पाटावर बसवून मला वाचायला लावायच्या. त्यांनी कान खाजवला की तुम्ही म्हणायच्या, इथं थांब, पुढचं खोड. बिचारे किती दिवस कान न खाजवता बसायचा प्रयत्न करायचे, माझ्या ओळी वाचाव्यात म्हणून. तुम्ही मग त्यांच्या हलणाऱ्या पायाच्या अंगठ्याकडे पाहायला लागलात.

उकडपेंडीचं पान समोर आहे. सगळं पान एवढंच: "कांदा तेलात लाल करावा. ज्वारीचं पीठ घालून खमंग वास येईतो परतावं. ताकाचा हबका मारून झाकण ठेवावं. मीठ विसरू नये." मी विचारलं, ताक किती? तुम्ही म्हणालात, असेल तेवढं. मी म्हटलं, जास्त पडलं तर गोळा होतो. तुम्ही म्हणालात, गोळा झाला तर गोळा खावा. जाऊबाई, हे काय उत्तर आहे? ज्या पोरीच्या पुढ्यात पाहुणा बसलाय तिनं गोळा वाढायचा? मी तेव्हा हेच म्हटलं होतं आणि आजही हेच म्हणते. थोडक्यात सांगणं वेगळं आणि अर्धवट सांगणं वेगळं.

पण गुळाच्या बाबतीत तुमचं बरोबर होतं. मला साखरेचे पदार्थ हवे होते, मुंबईची साखर तेव्हा वाण्याकडे नवी नवी यायला लागली होती. तुम्ही म्हणालात, ज्वारी महाग, दाणा महाग, सगळे कापूस पेरून राहिले, पोट्टीनं घरात आहे त्यातच गोड करावं. म्हणून गुलगुले राहिले, भोपळ्याचे घारगे राहिले, कणकेचा शिरा, लापशी, गुळपापडी राहिली. एक चूल, फार तर दोन भांडी. हे मी मनापासून लिहिलं.

आणि पुरणपोळी नको म्हणालात. मला वाटलं थट्टा आहे. मी म्हटलं, पुरणपोळीशिवाय गोडाचं पुस्तक म्हणजे नवरदेवाशिवाय वरात. तुम्ही म्हणालात, पुरण शिजवायचं, वाटायचं, कणीक तिंबायची, लाटताना पोळी फुटायची, आणि पोरगी एकटी. जिला हाताशी बाई नाही तिनं पुरणाच्या नादी लागू नये. सणाला लापशी करावी, देव रागावत नाही. मी म्हटलं, देव नाही रागावणार, नवरा रागावेल. तुम्ही म्हणालात, पुस्तकात पुरणपोळी आहे हे कळलं तर तो तीच मागेल. नसली तर त्याच्या ध्यानातही येणार नाही. महिना महिना आपण हेच बोलत होतो. दळताना, निवडताना, पाण्याला जाताना. शेवटी मी पुरणपोळीचं पान लिहूनच ठेवलं, तुम्हाला न दाखवता नव्हे, दाखवून. तुम्ही त्यावर भाजीची टोपली ठेवलीत.

तशात आपण अकोल्याला गेलो. तुम्ही, मी आणि आमच्या घरचे. बडनेऱ्यापुढे आगगाडीसाठी मातीचा बांध घालणं चालू होतं, त्याच्या कडेकडेनं आपला छकडा चालला होता आणि तुम्ही चांगल्या खुशीत होता. मूर्तिजापूरला तुम्ही झाडाखाली चूल मांडून गाडीवानालाही उकडपेंडी खाऊ घातलीत. त्यानं पुन्हा मागून घेतली, तर मला कोपरानं ढोसलंत.

छापखान्याचा मालक आपल्याशी बोललाच नाही. आपण दोघी पदर घेऊन भिंतीशी बसलो आणि तो सगळं आमच्या घरच्यांना सांगत राहिला. कागद चांगले आहेत म्हणाला. पण आधी देवाचा श्लोक पाहिजे, पुरणपोळी आणि श्रीखंड पाहिजे, नाहीतर लोक हसतील. आणि वर बाईचं नाव चालणार नाही, घरंदाज बाईचं नाव बाजारात विकायला ठेवायचं का, घरच्या पुरुषाचं घालू. मला सांगा, यात बोलणी मोडण्यासारखं काय होतं? श्लोक लिहिला असता. पुरणपोळीचं पान तयारच होतं. आमच्या घरच्यांचं नाव घातलं असतं तर काय आभाळ कोसळलं असतं? पुस्तक निघालं असतं. मी तुमचा हात दाबला, की हो म्हणा.

तुम्ही भिंतीकडे तोंड करूनच बोललात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ज्यानं जन्मात चूल पेटवली नाई त्याचं नाव याच्यावर कायले?" आणि उठलात. कागद उचललेत आणि बाहेर. मला तुमच्या मागे पळावं लागलं.

परतीच्या वाटेवर मी बोलले, पुष्कळ बोलले. इतक्या लांब आलो, छापणारा भेटला, आणि तुमच्या हट्टापायी सगळं पाण्यात गेलं, असं म्हटलं. तुम्ही ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "तुले पुस्तक पाह्यजे. मले त्या पोट्ट्या पाह्यजे."

मी विचारलं, की पुस्तकाशिवाय पोरींपर्यंत पोचणार कशा? दर गावाला छकडा जुंपून जाणार का?

"जाईन," तुम्ही म्हणालात.

जाईन म्हणालात, जाऊबाई. आणि गेलात कुठं?

त्यानंतर घरात आपलं बोलणं कामापुरतं राहिलं. कागद फडक्यात बांधून शिंकाळ्यात पडले. मला वाटत होतं, उन्हाळा सरू दे, पावसाळ्यात बाजार बंद असतो, तेव्हा बसू, मी पुन्हा काढीन, तुम्ही पुन्हा नाही म्हणाल, आणि कधीतरी एकीला कंटाळा येईल. भांडणाला आपल्याला भरपूर वेळ होता असं मी धरून चालले होते.

वैशाखात वखारींमागच्या खोल्यांत पटकी शिरली. लोक गाड्या जुंपून गावी निघाले. मी म्हटलं, आपणही बार्शीटाकळीला जाऊ. तुम्ही म्हणालात, ज्यांच्या घरी गाडी नाही त्या पोरींना आंबील कोण देईल. मी दारात आडवी उभी राहिले होते, आठवतं? तुम्ही मला हातानं बाजूला केलंत, जसं वासराला करतात तसं, आणि गाडगं घेऊन गेलात. रोज गेलात. एका दुपारी परत आलात ते भिंतीला धरून. दिवेलागणीला सगळं संपलं होतं. मला वाटलं होतं शेवटी काहीतरी बोलाल. तुम्ही फक्त विचारलंत, की कोपऱ्यातल्या खोलीतल्या पोरीला आंबील पोचली का. मी हो म्हटलं. पोचली होती. ती पोरगी जगली. सगळे मला सांगतात, पुण्याचं मरण आलं. मला ते पुण्य नको आहे. मला माझी जाऊ पाहिजे, पाट्याशी बसून नाही नाही म्हणणारी.

काल पाहुणे गेले. आज उन्हं वर चढल्यावर थोरले बाजारातून आले, तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच बाजारात गेले होते. तुम्हाला आपली रीत ठाऊक आहे. इतकी वर्षं एका घरात राहून मी त्यांच्यापुढे कधी उभी राहिले नाही आणि त्यांनी माझ्याशी शब्द बोललेला नाही. ते अंगणात थांबले आणि आमच्या घरच्यांना म्हणाले, "तिले म्हण, ते कागद काढ म्हणा."

मला वाटलं जाळायला मागताहेत. मी कागद छातीशी धरून दाराआड उभी राहिले. ते आत आले, चुलीपाशी बसले आणि फुंकणी हातात घेतली. ज्या माणसानं आजवर चुलीतला विस्तव चिलमीपुरता मागितला, तो माणूस काटक्या मोडत बसला. आमच्या घरचे उंबऱ्यावर उभे. मग थोरले म्हणाले, पहिलं कोणतं आहे ते वाचायला सांग.

पहिलं पान कणकेच्या शिऱ्याचं. मी दाराआडूनच वाचायला लागले. तुपावर कणीक भाजावी. त्यांनी भाजली. कणकेचा रंग पालटून वास सुटेतो हलवावं. त्यांनी हलवलं, घाम टिपत, एकसारखं. वास घरभर झाला तेव्हा आमच्या घरच्यांनी तोंड फिरवलं. चुलीच्या कडेच्या वैलावर गूळ विरघळवलेलं पाणी कढत ठेवावं आणि ते कणकेत ओतावं. त्यांनी ओतलं, भांड्यावर वाकून, एकदम. भांड्यातून वाफ अशी उसळली, की कालथा खाली पडला. त्यांचं मनगट पोळलं. ओरडले नाहीत. हात झटकला, थोडा वेळ मनगटाकडेच पाहत बसले, आणि पहिल्यांदा दाराकडे तोंड करून मला विचारलं, "पुढं काय हाय?"

मी म्हटलं, "झाकण ठेवावं." त्यांच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द.

शिरा चांगला झाला होता, जाऊबाई. थोडा करपट, पण चांगला. त्यांनी आम्हा दोघांना वाढला आणि मग स्वतः घेतला. खाताना पोळलेल्या हाताकडे बघून म्हणाले, "तिच्या मनगटावर असाच डाग होता. मी कधी इचारलं नाई."

मग तेच पुढे म्हणाले, की येत्या आठवड्यात ते अकोल्याला जातील, वर सगुणाचं नाव घालायला सांगतील. तुमचं नाव त्यांच्या तोंडून मी आजवर ऐकलं नव्हतं. आमच्या घरच्यांनी विचारलं, छापखानेवाला नाही म्हणाला तर? थोरले म्हणाले, "आपला कापूस मुंबईले जाते. हे चार कागद छापाले नाई जातीन?"

पुरणपोळीचं पान मी घातलेलं नाही. तुमचं पटलं म्हणून नाही, मला अजूनही वाटतं की तुम्ही चुकलात आणि लोक हसतील. पण ते तुमच्याशी भांडून ठरवायचं होतं, तुमच्या माघारी नाही. म्हणून ते बाहेर राहिलं.

शिऱ्याच्या पानावर मात्र एक ओळ वाढवली आहे. ही ओळ मी सुरुवातीलाच लिहिली होती आणि तुम्ही माझ्याकडून खोडून घेतली होती, एकदा पोळलं की आपोआप समजतं म्हणून. मी लिहिलं आहे: "पाणी ओतताना भांड्यावर वाकू नये, हात लांब ठेवावा, थोडं थोडं ओतावं, कारण वाफ एकदम वर उसळते आणि मनगट पोळतं." लांब झाली आहे. एका दमात वाचून होत नाही, तेवढ्यात कोणीही कान खाजवील. तुम्हाला मुळीच आवडणार नाही.

तर मग या, जाऊबाई, आणि खोडायला लावा.